आईचा दुसरा डोस आजही राहिला (2021)

पहाटे साडेपाचला आईला घेऊन कोरोनाच्या लसीच्या रांगेत उभा राहिलो, 71 वर्षांची आहे ती, गुडघे दुखतात म्हणून घरनं प्लास्टिकची खुर्ची नेली होती. दहा वाजता सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या आज स्टॉकच आला नाहीये. लोक त्यांच्यावरच ओरडायला लागले, बघवेना, त्या बाईचा काय दोष...

आम्ही पुण्यात हडपसरला राहतो, कोविशिल्ड लस इथंच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि माझी आई लस न घेता रिक्षानं परत आली. 1 मेपासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना लस म्हणून जाहीर केलं, पण एवढे डोस आणायचे कुठनं याचा विचार आधी नको का करायला? आणि तीच लस केंद्राला 150 ला, राज्याला 300 ला, खासगी हॉस्पिटलला 600 ला, का? टीव्ही लावला तर दिल्ली मुंबईवर ढकलतेय अन् मुंबई दिल्लीवर, खरंच खूप राग आला.

शेजारचे काका मागच्या आठवड्यात गेले, त्यांना पहिला डोसही मिळाला नव्हता.

आई म्हणतेय उद्या परत जाऊ. उद्या चारलाच निघणार. हडपसर-मांजरीकडं कुठं दुसरा डोस मिळत असेल तर कळवा प्लीज.