पदरात एक मूल असताना : स्तनाच्या कर्करोगानंतरचे माझे निर्णय

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा मी ३२ वर्षांची होते आणि माझी दीड वर्षाची मुलगी अजून अंगावर पीत होती. गाठ दुधाची असावी असे सुरुवातीला सर्वांनाच वाटले. सोनोग्राफी आणि बायोप्सी झाल्यावर तो समज गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर पॉझिटिव्ह व हर-२ निगेटिव्ह, असा अहवाल आला; म्हणजे गाठ स्त्री-हार्मोन्सवर वाढणारी होती, पण हर-२ हे प्रथिन तिच्यात वाढलेले नव्हते. त्यावरून उपचारांचा क्रम ठरला : आधी शस्त्रक्रिया, मग केमोथेरपी, रेडिएशन आणि त्यानंतर किमान ५ वर्षे टॅमॉक्सिफेन ही गाठीवरील इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी.

या सगळ्या चर्चेत पुढच्या गर्भधारणेचा विषय कोणीच काढला नाही. एक मूल आहे म्हणजे तो प्रश्न निकालात निघाला, असे रुग्णालयातही गृहीत धरले गेले आणि घरीही. ‘एक लेकरू आहे ना पदरात, आता स्वतःच्या जिवाला जप,’ असे सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात मायाच होती. मला मात्र दुसरे मूल हवे होते. ते का हवे, याचे स्पष्टीकरण धडधाकट बाईकडे कोणी मागत नाही. मला ते प्रत्येक टेबलावर द्यावे लागले.

मी विचारल्यावर कर्करोगतज्ज्ञांनी सविस्तर समजावून सांगितले. केमोतले सायक्लोफॉस्फमाइड हे औषध अंडाशयातील बीजांचा साठा कमी करते. माझ्या वयात पाळी परत येण्याची शक्यता चांगली असली, तरी पाळी आली म्हणजे साठा शाबूत राहिला असे होत नाही. शिवाय टॅमॉक्सिफेनमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने ती गोळी चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले, तरी मी ३८ च्या घरात पोहोचणार होते. औषधाइतकेच वयही माझ्या विरोधात होते.

उपाय होता तो केमोआधी बीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याचा. त्यात माझी पहिली भीती केमोला उशीर होण्याची होती. पण शस्त्रक्रियेनंतर जखम भरून येईपर्यंत काही आठवडे केमो सुरू करता येत नाही, आणि बीजे वाढवण्याची इंजेक्शने साधारण १० ते १२ दिवसांची असतात. आता ती पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येत असल्याने हे काम त्या मधल्या काळात बसले. दुसरी भीती या इंजेक्शनांनी वाढणाऱ्या हार्मोन्सची होती, कारण माझी गाठ इस्ट्रोजेनवरच पोसणारी होती. त्यासाठी इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल देण्यात आले. स्तनाच्या कर्करोगावरही वापरली जाणारी ही गोळी इस्ट्रोजेनची पातळी खाली ठेवते. मुलीचे दूध तोडणे मात्र त्याआधीच आले, आणि त्या रात्रींविषयी मी येथे लिहिणार नाही.

बीजे गोठवायची की भ्रूण, यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. नुसत्या बीजांवर एकट्या स्त्रीचा हक्क राहतो, भ्रूणांवर दोघांचा. आम्ही भ्रूण निवडले. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार, दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अक्षम झाले तर साठवलेल्या भ्रूणांचे काय करायचे, हे आधीच लेखी द्यावे लागते. शस्त्रक्रियेचे टाके ओले असताना नवऱ्याशेजारी बसून तो रकाना भरणे, हा माझ्या दृष्टीने संपूर्ण उपचारांतला सर्वांत अवघड कागद होता. केमोचा बराच खर्च विम्यातून भागला; या कामाचे दीड लाखांहून अधिक रुपये आमच्या खिशातून गेले. केमोच्या काळात अंडाशय विश्रांत राहावेत म्हणून गोसेरेलिनचे इंजेक्शनही दरमहा घेतले. ब्रॅका या जनुकातील दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका वाढतो; त्याची तपासणी निगेटिव्ह आली, तेवढा एक गुंता टळला.

सरोगसीची वाट आमच्यासाठी बंद आहे, हे मला समुपदेशनात कळले. २०२१ च्याच सरोगसी कायद्यानुसार हयात मूल असलेल्या दांपत्याला ती परवानगी मिळत नाही. अपवाद आहे तो फक्त मूल अपंग असल्यास किंवा जीवघेण्या आजाराने ग्रस्त असल्यास. आईला झालेल्या कर्करोगाचा तेथे विचार नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

जून २०२३ मध्ये टॅमॉक्सिफेन सुरू झाले, त्याच सुमारास ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी १८ ते ३० महिने टॅमॉक्सिफेनसारखे हार्मोन रोखणारे उपचार घेऊन गर्भधारणेसाठी जास्तीत जास्त २ वर्षे खंड घेतला, आणि ३ वर्षांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ८.९ टक्के, म्हणजे खंड न घेतलेल्या तुलनेच्या गटातील ९.२ टक्क्यांच्या जवळपासच राहिले. हे वाचून घरात उत्साह संचारला. डॉक्टरांनी मात्र दोन गोष्टी दाखवल्या : अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या काखेतील लसीका ग्रंथींत रोग पसरला नव्हता, माझ्या ग्रंथींत पसरला होता, आणि या प्रकारचा कर्करोग १० वर्षांनंतरही उलटू शकतो, तेव्हा ३ वर्षांचा काळ तोकडा आहे.

२०२५ मध्ये खंड घेण्याची वेळ आली, तेव्हा नवरा घेऊया म्हणत होता आणि मी नको म्हटले. मुलगी आता शाळेत जाते. तिच्या वाट्याची आई मला दुसऱ्या मुलासाठी पणाला लावायची नव्हती. गोठवलेले भ्रूण माझ्या वयाबरोबर म्हातारे होत नाहीत, या आधारावर मी हा निर्णय घेऊ शकले. गोळीची ५ वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. कायद्याने भ्रूण १० वर्षे, म्हणजे आमच्या बाबतीत २०३२ पर्यंत ठेवता येतात. तोवर साठवणुकीचे वार्षिक शुल्क भरायचे आणि २०२८ मध्ये तपासण्या पाहून पुन्हा एकत्र बसायचे, यावर आमचे दोघांचे एकमत झाले आहे.