आईने सायकॉलॉजिस्टला माझं स्थळच सांगितलं

ठाणेकर असल्यामुळे एक जोक मला आयुष्यभर पुरलाय. कुठेही "मी ठाण्याची" म्हटलं की समोरचा विचारणार, "आतली की बाहेरची?" आमचं मनोरुग्णालय १९०१ चं, जोकही साधारण त्याच वयाचा असावा. तर आता न्यू जर्सीत बसून मी खरंच सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन करून घेतलं आणि ते नौपाड्यात आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "जेवतेस ना नीट?"

तसं नवीन काही झालं नव्हतं. बिलं भरायची राहतात, दूध उतू जातं, चार मेल अर्धवट लिहून पाचवा उघडते, हे लहानपणापासूनचंच. इथल्या फॅमिली डॉक्टर म्हणाल्या, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो तो प्रकार, आहे का बघून घे. अपॉइंटमेंट मिळाली चार महिन्यांनी, आणि त्याआधी इन्शुरन्सच्या मंजुरीचा जो फॉर्म भरायचा होता तो मी दोनदा विसरले, खरं तर तिथेच निकाल लागायला हरकत नव्हती.

मला वाटलं होतं शाईचे डाग दाखवून "काय दिसतंय" विचारतील. ती टेस्ट १९२१ ची, अजून वापरतात, पण सरसकट सगळ्यांना नाही. प्रश्न काय आहे त्यावर टेस्ट ठरतात. पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा, दीडेक तास. झोप, शाळा, नोकरी, घरात कोणाला काय आजार, दारू, औषधं. त्याआधी एका कागदावर सही, की हे सगळं गुप्त राहील, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल.

दुसऱ्या दिवशी तीन तास टेस्ट. नेमके प्रश्न सांगत नाही, पेपर फोडल्यासारखं होईल. पण आकडे ऐकून उलटे म्हणा, ठोकळे जुळवा, चिन्हं भराभर लिहा असले प्रकार. शंभरातून सात-सात वजा करत जा हे तर जगभर विचारतात. मी मनात मराठीत करत होते, त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग एकोणऐंशी, ज्या आकड्यात आधीच एक वजाबाकी आहे, तिथे मी जी अडकले ती अडकलेच. टेस्ट घेणाऱ्या सायकॉलॉजिस्ट बाईंना सांगितलं तर त्यांनी लगेच लिहून घेतलं, इंग्रजी ही हिची दुसरी भाषा. ते रिपोर्टमध्येही आलं. म्हणून सांगते, शिक्षण कुठल्या भाषेत झालं ते आपणहून सांगा, नाहीतर भाषेमुळे झालेला उशीर डोक्याच्या नावावर जातो.

मग आईचा नंबर. मोठेपणी एडीएचडी आहे म्हणायचं तर त्यातली बरीच लक्षणं बारा वर्षांच्या आधीही असावी लागतात, म्हणून लहानपण बघितलेलं कोणीतरी लागतं. ठाण्यात संध्याकाळचे सहा, आई इस्त्रीची साडी नेसून व्हिडिओ कॉलवर. बाईंनी विचारलं, वस्तू हरवायची का? "नो नो, व्हेरी नीट अँड क्लीन. गुड कुक ऑल्सो." मी बाजूला बसून डोक्याला हात लावला. बघायला आल्यासारखं चालू होतं सगळं, फक्त पोहे नव्हते.

रात्री फोनवर भांडले. दप्तर टीएमटीच्या बसमध्ये कोण विसरलं होतं, दर टर्मला वॉटरबॅग कोणाची हरवायची? "परक्या बाईला कशाला सांगायचं ते?" यात तिची चूक तरी काय म्हणा, आपण चारचौघांत मुलांचं झाकूनच ठेवतो. पण हे झाकणं टेस्टमध्येही पकडतात. मला ३३५ वाक्यांची एक खरं-खोटं प्रश्नावली होती, तिच्यात माणूस स्वतःला जरा जास्तच गुणी दाखवतोय का हे मोजायचीही सोय असते. शेवटी आईने माळ्यावरची ट्रंक काढली, प्रगतीपुस्तकांचे फोटो पाठवले. दुसरी ते पाचवी, चार वेगवेगळ्या बाईंचं अक्षर आणि शेरा एकच, हुशार आहे पण लक्ष नसते.

तिकडे भारतात कोणाला करायचं असेल तर टेस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात, त्यांचं आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) रजिस्ट्रेशन आहे का विचारा, लाजू नका. औषधं सायकियाट्रिस्ट देतात. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, आपण उगाच लांब शोधतो. आणि नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. टेस्टच्या आदल्या रात्री झोपा, नाश्ता करून जा, चष्मा न्या. मी चष्मा गाडीत विसरले होते.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, चौदा पानं, आणि तो समजावायला वेगळा एक तास. एडीएचडी निघालं. आईला पीडीएफ पाठवली, तिने सगळं सोडून आकडे शोधले. एका ठिकाणी ३७ पर्सेंटाइल होतं. मी समजावलं, हे मार्क नाहीत गं, माझ्या वयाची शंभर माणसं घेतली तर साधारण ३७ जणांच्या पुढे आहे, आणि हे नॉर्मलमध्येच येतं. ती थोडा वेळ गप्प.

"पस्तीसला पास ना पण?"

हो म्हटलं.

"मग बाबांना तेवढंच सांगते."