तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता झाला की बाळंतिणींचे हाल संपतील ना?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी नर्स होते हे कळलं की बेळगावातली माणसं हटकून हेच विचारतात. 2024 च्या पावसात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी स्ट्रेचरवर घालून, खांद्यावरून जंगलाबाहेर आणलं होतं. ते बऱ्याच जणांच्या लक्षात आहे.

रस्ता हवाच. पण आमगाव, गवळी, कोंगळा, पास्टोली ही गावं भीमगड अभयारण्याच्या पोटात आहेत. तिथे रस्ता सहजासहजी होत नाही. आणि बाळंतीण थांबत नाही. बाळ झाल्यावर गर्भाशय नीट आकसलं नाही तर रक्त वाहतच राहतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोनेक तासांत बाई हातची जाऊ शकते. कळा सुरू झाल्यावर गाडीसाठी धावाधाव करायची, ही रीतच मला या गावांसाठी चुकीची वाटते. दिवस भरायच्या आधी आठ-दहा दिवस बाई दवाखान्याजवळ राहायला आलेली असावी.

महाराष्ट्रात गडचिरोली-मेळघाटाकडे यासाठी आरोग्य केंद्रालगत ‘माहेरघर’ असतं. गरोदर बाई, तिचं लहान मूल आणि सोबतीला घरचं एक माणूस तिथे आधीच येऊन राहतात. तशी सोय आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागातल्या बायकांना मिळाली पाहिजे.

बायका अडाणी आहेत म्हणून वेळेवर येत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. जुलैत भाताची लावणी चालू असते. गोठ्यात जनावरं, पदराला दोन वर्षांचं पोर, सासूचे गुडघे धरलेले. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं, पण सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, त्याच्या जेवणाचं आणि निजायचं काय? त्यात महाराष्ट्रातल्या चंदगडकडून सून होऊन आलेली मुलगी मराठी शाळेत शिकलेली असते आणि गरोदरपणाच्या नोंदीचं तायी कार्ड कन्नडमध्ये. पुढची तपासणी कधी, लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, हे मराठीत समजावणारी आशा सेविका असली तर ती पोरगी येते. नसली तर ते कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पडतं.

म्हणून माझा आग्रह मे महिन्यातल्या यादीचा. जून ते सप्टेंबरात कुणाकुणाचे दिवस भरतात, हे वळीव पडतोय तोवर लिहून काढायचं. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही, पण ‘दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात’, ‘तुळशीच्या लग्नानंतर’ असं बायका बिनचूक सांगतात. त्यावरून हिशेब लागतो. पहिलटकरणी, आधी सिझेरियन झालेल्या, जुळी असलेल्या, रक्त कमी असलेल्या, बीपी 140/90 च्या वर गेलेल्या, यांची नावं सगळ्यात वर. त्यांनी ओढे भरायच्या आतच खानापूर किंवा बेळगाव गाठायचं.

तरीही एखादी अडकणारच. तिच्यासाठी काय करता येतं हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं, याचा मला फार अभिमान आहे. 2002 ते 2005 दरम्यान बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बाळंतिणींचा अभ्यास झाला. घरी नाहीतर उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या आमच्यासारख्या नर्सनी तो केला. बाळ जन्मताच काहींना मिसोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भाशय आकसायला लावणाऱ्या गोळ्या, दिल्या, काहींना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांच्यात शंभरात 12 जणींना जादा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत 6.4. 2006 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं; या गोळ्यांना फ्रीज लागत नाही आणि सुईही लागत नाही. मात्र पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करूनच त्या द्यायच्या, बाळ व्हायच्या आधी कधीच नाही. प्रशिक्षण हवं ते एवढ्यासाठीच.

बाळाचंही तसंच. पहिल्या मिनिटात पुसून कोरडं करायचं, रडलं नाही तर पाठ चोळायची, श्वासच घेतला नाही तर मास्क लावून पिशवीनं हवा द्यायची. मग आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. पावसाच्या गारठ्यात लगेच न्हाऊ घालायचं नाही, सासूबाई कितीही रागावल्या तरी.

रस्त्याचे कागद बेंगळुरूला जात राहू देत, आपणही पाठपुरावा करू. पण खानापुरात तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर पावसाळ्याचे चार महिने ती अशा बाईला आणि तिच्या सोबतीणीला द्या. कुणाला गरज आहे ते आशाला विचारा, मे संपायच्या आत.