मुक्ताईच्या वाटेवर, बाळाशिवाय

नवमीच्या पहाटे दिंडी निघाली तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं. माझ्या जुन्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं, ते मी तसंच राहू दिलं. सासूबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जाय माय, पोराले मी पाह्यते." दवाखान्यातले ते पहिले दिवस सोडले तर वर्षभरात एक रात्रही मी त्याच्यापासून लांब राहिले नव्हते.

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर-चांगदेवला यात्रा भरते. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, पण ती महिन्याच्या वरची वाट. आम्हा जळगावकडच्यांना माघातली ही वारी जवळची. नशिराबाद, साकेगाव, भुसावळ, वरणगाव, मग मुक्ताईनगर आणि कोथळीचं जुनं मंदिर. साठेक किलोमीटर, दोन मुक्काम. गेल्या माघात सासूबाई मुक्ताईला बोलल्या होत्या, पोर घरी आलं तर त्याची आई चालत येईल. मला विचारलं नव्हतं त्यांनी. पण तेव्हा कोणी काशीपर्यंत चाल म्हटलं असतं तरी मी चपला घातल्या असत्या.

चौतिसाव्या आठवड्यात झाला तो. १ किलो ७०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला पेटीत ठेवलं. दर दोन तासांनी मी वाटीत दूध काढायचे आणि सिस्टर ते नळीतून त्याच्या पोटात सोडायच्या. पहिल्या दिवशी दोन मिली. वाटीच्या बुडाला नुसती पिवळसर ओल दिसायची, तीही त्या नीट खरवडून घ्यायच्या. पुढे त्याला उघडं माझ्या छातीवर ठेवायला लागले, वरून शाल. माझ्या श्वासाबरोबर तो वर-खाली व्हायचा.

घरी आल्यावर मी वही केली. किती वाजता पाजलं, किती मिनिटं, शी किती वेळा, सू किती वेळा, वजन किती. डॉक्टरांनी तीन महिने लिहा म्हटलं होतं, मी वर्षभर लिहिलं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची इंजेक्शनं, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, सगळं त्यात आहे. वही चुकली तर बाळाला काहीतरी होईल अशी एक भीती मनात बसली होती. ती मी कोणाला सांगितली नाही, यांनाही नाही.

पहिल्या दिवशी वाघूर ओलांडल्यावर माझ्या शेजारी एक मावशी चालत होत्या. डोक्यावर तुळस, पायात टायरच्या चपला. नातवंडांच्या गोष्टी सांगता सांगता त्यांनी सहज विचारलं, "तुझा पहिल्यांदा खदखदून कधी हासला वं?" मी तोंड उघडलं आणि काहीच आठवेना. पाच किलो कधी झाला ते तारखेसकट सांगितलं असतं. हसू आठवेना. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, मध्येच दादर ज्वारी कणसात आलेली, पखवाजाचा ठेका चालू होता. मी रांगेत थोडी मागे पडले आणि रडले.

भुसावळजवळ मुक्काम. रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी चांगदेवांची गोष्ट लावली. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा हे त्या महायोग्याला सुचेना. ते वयाने थोर, ज्ञानदेव लहान. पण ज्ञानाने उलटं. म्हणून कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगला आणि कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण पुढे महाराज म्हणाले की त्याच चांगदेवांना मुक्ताईने लेकरू मानलं, त्यांच्यासाठी पाळणा गायला. १२७९ चा जन्म आणि १२९७ मध्ये तापीकाठी ती अंतर्धान पावली असं धरतात. म्हणजे अठरा वर्षांची पोर. ती चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला झोपवते आहे, उगी उगी म्हणते आहे. मंडपात सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझी चोळी भिजत होती.

छाती दगडासारखी झाली होती. मध्यरात्री सहन होईना तेव्हा मावशींना उठवलं. शाळेमागे अंधारात त्यांनी मोबाइलचा उजेड धरला, तांब्याने गरम पाणी आणून दिलं, फडकं भिजवून शेक दिला. मी दूध काढायला लागले. पहिली धार येईपर्यंत डोळ्यांत पाणी, मग हळूहळू मोकळं झालं. पेल्यात चांगलं दोन बोटं दूध साठलं. मला ती वाटी आठवली, बुडाशी पिवळी ओल असलेली. पेला ओतणार तोच मावशींनी हात धरला. "पायदळी नको. झाडाच्या बुडाशी टाक." निंबाच्या बुंध्याशी मी ते ओतलं. माती कोरडी होती, लगेच पिऊन गेली. त्या रात्री वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि मी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. बायकांनी हापशावर पदर भिजवून डोक्यावर घेतले. पुढच्या बाईने पदर झटकला, थेंब माझ्या तोंडावर आले आणि एकदम मे महिना आठवला. जळगावचा मे, पारा पंचेचाळीसच्या घरात. भर दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद. बाळ घामाने चिकट झालं होतं. मी ओढणी भिजवून त्याच्यावर वारा घालत होते, तर एक थेंब नेमका त्याच्या नाकावर पडला. तो दचकला, माझ्याकडे पाहिलं आणि खदखदून हसला. मी परत झटकली, तो परत हसला. पाच-सहा वेळा. मग मी घड्याळ बघून वही ओढली आणि दूध पाजल्याची वेळ लिहिली.

मी धावत मावशींना गाठलं. "मावशी, मे महिन्यात! ओल्या ओढणीला हासला!" त्या तुळस सांभाळत म्हणाल्या, "मंग सांग ना नीट." वरणगाव येईपर्यंत मी सांगत होते. उष्टावणाला आजोबांच्या अंगठीवरची खीर त्याने थुंकली ते, संक्रांतीला बोरन्हाणात डोक्यावर पडलेलं बोर त्याने तोंडात घातलं आणि आमची धावपळ झाली ते. एकातून दुसरं निघत गेलं.

एकादशीला कोथळीत पोचलो. हे बाळाला घेऊन एसटीने आले होते, सासूबाई बरोबर. मी हात पुढे केले तर त्याने आजीच्या खांद्यात तोंड लपवलं. बुक्का, उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात माळ, त्याला ओळखू येईना. मी ओढणीचं टोक त्याच्या हाताला लावलं. त्याने ते धरलं, वास घेतल्यासारखं नाकाशी नेलं आणि मग माझ्या अंगावर झेप घेतली.

दर्शनाची रांग लांब होती. उभ्याउभ्याच पदराआड त्याला पाजलं. किती मिनिटं ते पाहिलं नाही. गाभाऱ्याशी आलो तेव्हा तो झोपला होता, ओठांच्या कोपऱ्यात दूध तसंच. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, तरी त्याची झोप मोडली नाही.