काड्या नाहीत, म्हणून घरटंच नाही!

‘झाडाचे नाव’ या रकान्यात काय लिहायचं, यावर आमचा अर्ज तीन आठवडे पडून राहिला. वीजवाहिनीच्या वाटेतली घरटी नोंदवायला संबंधित कार्यालयाने दिलेला नमुना झाडतोडीचा होता. झाडाचं नाव, उंची, बुंध्याचा घेर. आमचा शाहीन ससाणा होता कड्यावर. शेवटी ‘कडा’ आणि ‘लागू नाही’ असं लिहून दिलं, तेव्हा कुठे स्थळपाहणीची तारीख मिळाली.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला कडा, समोर विजेच्या मनोऱ्याची जागा दाखवणारी खुंटी. पाहणीला आलेल्या साहेबांनी पाच मिनिटं खालून वर बघितलं आणि अहवालात शेरा आला, ‘घरटे आढळले नाही.’ काड्या दिसल्या नाहीत ना! शाहीन काड्या आणतच नाही. कपारीतल्या माती-खडीत उथळ खळगा करायचा आणि त्यातच तीन-चार अंडी. पायथ्यावरून काय दिसणार, कपाळ?

म्हणून पुरावा आपणच उभा करायचा. कपारीखालचे चुन्यासारखे पांढरे ओघळ, पायथ्याला उपटलेली पोपटा-कबुतरांची पिसं. पिसं उचलू नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मग अर्ध्या किलोमीटरवर स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण) लावून तीन सकाळी, उजाडल्यापासून दहापर्यंत बसायचं. नर भक्ष्य घेऊन येतो, मादी बाहेर येऊन ते हवेतच घेते आणि पुन्हा त्याच कपारीत शिरते. ही वेळ मिनिटासकट लिहा. एक फोटो झूम न करता काढा, त्यात कपार आणि खुंटी दोन्ही यायला हवीत. दुसऱ्या पाहणीला आम्ही स्कोप आधीच कपारीवर रोखून ठेवला. साहेबांनी डोळा लावला आणि शेरा बदलला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २(१६) नुसार पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच, आणि हा ससाणा पहिल्या अनुसूचीत आहे. हे वाक्य पहिल्याच पत्रात टाका. आम्ही तिसऱ्यात टाकलं.

ते तीन आठवडे एवढे झोंबले, कारण ते ऑक्टोबरमधले होते. विणीचा काळ डिसेंबर ते एप्रिल, आणि आपल्याकडे पाऊस सरल्यावर कामाचा मोसमही तोच. ठेकेदार मनोरे क्रमांकाने घेत जातो. कड्याजवळचे तेवढे मनोरे क्रम मोडून आधी घ्यायला लावा: पाया ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मग पूर्ण थांबा, उभारणी आणि तारा ओढणं मे महिन्यात, पिल्लं उडालेली बघूनच. ती साधारण ४८ दिवसांत उडतात, पण नंतरही तिथेच घोटाळतात. आमचा खड्डा अर्धाच झाला आणि डिसेंबर उजाडला. जांभ्यात दगड फोडायचा ब्रेकर चालला की मादी उठते, अंडी उन्हात भाजतात, कावळे टपलेलेच असतात. खड्ड्याला कुंपण घालून काम सोडलं.

ड्रोनने घरटं बघू म्हणणाऱ्याला तिथेच अडवा. ससाणा त्यावर झडप घालतो आणि पात्यांत सापडतो.

मनोऱ्यांवरची सगळ्यात वरची तार, म्हणजे अर्थवायर, बारीक, वेगात येणाऱ्या पक्ष्याला ती दिसत नाही. तिच्यावर आम्ही दर १० मीटरला डायव्हर्टर, म्हणजे तार पक्ष्यांना दिसावी म्हणून लावायच्या खुणा, मागितले. जवळच्या ११ केव्हीच्या खांबांवर मात्र धोका शॉकचा असतो, तिथे जंपरना (खांबावरच्या जोडतारांना) इन्सुलेटेड आवरण हवं.

आणि हो, अर्जात अक्षांश-रेखांश लिहू नका. प्रत कुणाच्याही हाती पडते आणि पिल्लं चोरणारे असतात. मनोरा क्रमांक आणि अंतर पुरे, नकाशा बंद पाकिटात द्या.