पपई असताना हे यंत्र कशाला?

"कच्ची पपई चोळून ठेवली की कसलंही मटण शिजतं. मग तुम्ही त्याला अल्ट्रासाउंड देऊन, वर ग्रीन टीचा अर्क घालून नक्की मिळवता काय?" मी मांसातल्या प्रथिनांवर काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्या बहुतेक जणी स्वयंपाकात मुरलेल्या असतात, त्यामुळे हसून वेळ मारून नेता येत नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पपईतलं पपेन हे विकर प्रथिनांच्या साखळ्या तोडतं. म्हणून मटण नरम पडतं, आणि जास्त वेळ ठेवलं तर बाहेरून लगदा होऊन आतून तसंच राहतं. नरमच करायचं असेल तर पपई लावा, मी आड येणार नाही. आमची गरज वेगळी आहे. सॉसेज, नगेट, सुरीमी (मासा वाटून, धुऊन केलेला लगदा) अशा पदार्थांत वाटलेलं मांस शिजताना एकसंध जमलं पाहिजे, त्यानं पाणी धरून ठेवलं पाहिजे, आणि हे सगळं कमी मिठात झालं पाहिजे. तिथे साखळ्या तोडून भागत नाही. त्या अख्ख्या ठेवून सुट्या कराव्या लागतात.

कच्च्या मांसात ढोबळमानानं ७५ टक्के पाणी आणि २० टक्के प्रथिनं असतात. प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा स्नायूतंतूंचा, आणि त्यात सगळ्यात जास्त मायोसिन नावाचं प्रथिन. खिम्यात मीठ घालून मळलं की तो हाताला चिकटायला लागतो, ते हेच विरघळलेलं मायोसिन. पुढे आच लागली की त्याची जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकतं. गोची अशी की मायोसिनला विरघळायला मीठ लागतं. प्रयोगशाळेत आम्ही ते काढतो तेव्हा लिटरला जवळपास ३५ ग्रॅम मीठ असतं. सॉसेजमध्ये साधारण २ टक्क्यांवर काम भागवतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मग उत्पादकानं मीठ कमी केलं की पाणी गळतं आणि चकत्या कापताना भुगा पडतो.

आता आवाजाकडे येते. अल्ट्रासाउंड म्हटलं की लोकांना सोनोग्राफी आठवते. तिची कंप्रता काही मेगाहर्ट्झ आणि ताकद अगदी बेताची, त्यामुळे पोटाला काही होत नाही आणि मटणालाही होणार नाही. आमचं यंत्र २० किलोहर्ट्झचं, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेवरचं, पण जोर भलताच. टायटॅनियमचा बोटाएवढा दांडा बीकरमध्ये बुडवलेला असतो आणि त्याचं टोक सेकंदाला २०,००० वेळा थरथरतं. द्रव त्या वेगानं ताणला-दाबला गेला की त्यात बारीक बुडबुडे होतात, फुगतात आणि आतल्या आत कोसळतात. त्या क्षणी बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंश तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब असतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. आधी ही जहाजांच्या पंख्यांची डोकेदुखी होती. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळत्या बुडबुड्याचं गणित मांडलं. पुढे हा उपद्रव कामाला जुंपणाऱ्यांत आपल्या माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतले (आयसीटी) प्रा. अनिरुद्ध पंडित आहेत.

प्रत्यक्षात हा प्रकार अजिबात शांत नसतो. बुडबुड्यांचा चर्रर्र असा कर्कश आवाज येतो आणि कानांवर मफ लावल्याशिवाय मी यंत्राजवळ उभी राहत नाही. बीकर बर्फात ठेवावा लागतो, नाहीतर प्रथिन तिथेच शिजून जाईल. यंत्रही सलग चालवायचं नाही, दोन सेकंद चालू, मग थोडं बंद. गढूळ पांढरं द्रावण हळूहळू निवळतं आणि पलीकडचे बर्फाचे तुकडे धूसर दिसायला लागतात. म्हणजे मायोसिनचे जुडगे सुटले. घडीत दडलेले भाग उघडे पडले की ते कमी मिठातही विरघळतं आणि तेलालाही जास्त चांगलं धरतं.

पण हव्यास केला की बिघडतं. उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटून पुन्हा गठ्ठे होतात. शिवाय बुडबुडे कोसळताना पाण्याचेच तुकडे होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारे कण, तयार होतात आणि ते प्रथिनाचं ऑक्सिडीकरण करतात. वनस्पतीची गरज लागते ती इथे. चहातलं ईजीसीजी, कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल, डाळिंबाच्या सालीतली टॅनिनं ही सगळी पॉलिफेनॉलं, म्हणजे वनस्पतींतली तुरट संयुगं, ते रॅडिकल टिपून घेतात आणि प्रथिनाच्या नुकत्याच उघडलेल्या जागांवर जाऊन बसतात. आवाज नसेल तर त्यांना आत शिरायला वाव कमी, आणि ती नसतील तर आवाजानं उघडलेलं प्रथिन उघड्यावर पडतं. मला या कामात सगळ्यात रस आहे तो या जोडीत. नुसत्या यंत्राचं कौतुक मला फारसं नाही.

पॉलिफेनॉलं प्रथिनाला किती घट्ट धरतात हे पाहायचं असेल तर कोल्हापुरी चप्पल बघा. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्यातली टॅनिनं कातड्यातल्या कोलॅजनला बांधून टाकतात, म्हणून ते कुजत नाही. रसायन तेच, आम्हाला फक्त फार थोडं हवं असतं. अर्क वाढवत नेलेल्या परीक्षानळ्या मी ८० अंशांच्या पाण्यातून काढते, गार करते आणि उलट्या धरते. कमी मात्रेच्या नळीतलं जेल जागचं हलत नाही. जास्त मात्रेच्या नळीतलं ढेकूळ सरकत खाली येतं आणि त्यामागून पिवळसर पाणी ओघळतं. मायोसिनचे रेणू शिजताना ज्या गंधकयुक्त गटांनी एकमेकांना जोडले जातात, ते गट पॉलिफेनॉलांनी आधीच अडवलेले असतात. जाळी विणायला काही उरतच नाही.

हळद का नाही, असंही विचारतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि सॉसेज पिवळं होतं ते वेगळंच. डाळिंबाची साल आपल्याकडे ढिगानं वाया जाते, पण तुरटपणा आणि रंग सांभाळावा लागतो.

मग हे बाजारात का दिसत नाही? बीकरमध्ये जमतं ते टनांत जमवणं अवघड आहे. घट्ट खिम्यात लहरी लांब जातच नाहीत. दांड्याचं टोक कॅव्हिटेशननं झिजतं, त्यावर खड्डे पडतात, आणि धातूचे कण खाण्यात नकोत. मला आशा वाटते ती पातळ द्रावणांच्या कामात. रत्नागिरीत राणी माशापासून सुरीमी करतात. तो मासा वाटून गार पाण्यानं धुतात, मग गोठवताना प्रथिन टिकावं म्हणून त्यात साखर आणि सॉर्बिटॉल मिळून ८ टक्क्यांच्या आसपास घालतात. धुण्याच्या टप्प्यावर अल्ट्रासाउंड बसवता येईल असं मला वाटतं. पॉलिफेनॉलं मात्र साखरेची जागा घेणार नाहीत. ती ऑक्सिडीकरण रोखतील, बर्फापासून प्रथिन वाचवण्याचं काम साखरेचंच.

आणि हो, दागिने धुणारं ते छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र ऑनलाइन मागवून त्यात चिकन मुरवू का, हेही बरेच जण विचारतात. नका करू. त्यात ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा धरून बघा, थोड्या वेळात चाळण होते. मिठाचं पाणी मांसात लवकर मुरायला असा हौद मदत करतो, पण तो अन्नासाठी बनवलेला असावा लागतो, सोन्याचा मळ काढायला नव्हे. घरी कबाब सुटत असतील तर खिमा फ्रिजमधून थेट काढा, आधी फक्त मीठ घालून चिकट होईपर्यंत मळा, आणि कांदा-मसाला नंतर घाला.