वरसईमार्गे तंजावर

तंजावरला जायचं ते मोडी लिपीपायी. मोडीच्या वर्गात सरांनी सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांच्या बाडांबद्दल सांगितलं आणि ते डोक्यात बसलं. जाऊन आले, वही नोंदींनी भरली, फोटोंचं तर विचारूच नका. त्यावर लिहायचं हे निघतानाच ठरलेलं होतं. पण प्रवासवर्णन लिहायला शिकवणार कोण? मग ज्यांची पुस्तकं कॉलेजपासून माझ्या उशाशी आहेत, त्यांच्याकडेच शिकायचं ठरवलं. तीच पुस्तकं, पण या वेळी हातात पेन्सिल घेऊन.

सुरुवात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून केली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि शेवटी घरी परतले. हे सगळं त्यांनी लिहून काढलं ते १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेलेली. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषेवर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. शिकायचं असेल तर ही दुसरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भटजींचा श्वास कुठे लागतो, कुठे अडकतो, ते तिच्यात ऐकू येतं.

लेखकाची नजर जिथे थबकते तिथे समासात रेघ मारायची, एवढंच मी करत गेले. शंभरेक पानांनंतर मागे वळून रेघा पाहिल्या. दक्षिणा किती मिळाली, मुक्काम कुणाकडे पडला, जेवायला काय होतं, अंगावर काय उरलं. तोफा आणि कत्तली आहेतच, पण त्यासुद्धा अशाच माणसाच्या डोळ्यांनी दिसतात. कारण भटजी इतिहास बघायला निघालेच नव्हते. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती, दक्षिणा मिळेल या आशेने ते निघाले. ही गरज त्यांनी आधीच सांगून टाकलेली असते. म्हणून काळपीजवळ विहिरीवर तहानलेली झाशीची राणी समोर येते आणि विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी काढू न देता स्वतः काढून घेते, तेव्हा तो प्रसंग कोरलेल्या चित्रासारखा वाटत नाही. विहिरीपाशी उभ्या असलेल्या एका गरीब भिक्षुकाने तो पाहिलेला असतो.

तो भाग मी वहीत हाताने उतरवून काढला. नव्याने लिहू बघणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन. वाचताना जे निसटतं ते उतरवताना हाताला कळतं. वाक्य कुठे संपवलंय, विशेषण कुठे टाळलंय, राणीबद्दल वाटणारा आदर कुठल्या शब्दात न सांगता ठेवलाय, हे सगळं.

त्यानंतर माझ्या खर्ड्याकडे वळले. पहिला परिच्छेद असा होता: बृहदीश्वराचं मंदिर राजराज चोळाने बांधलं, ते १०१० साली पूर्ण झालं, विमान दोनशे फुटांहून उंच. सगळं खरं, पण यात मी कशाला आले ते कुठेच नाही. तो परिच्छेद उचलून मी चौथ्या पानावर ठेवला आणि सुरुवात मोडीच्या वर्गापासून केली. मोडी शिकलेली, घरच्यांनी ‘आता हे कशाला’ म्हणून विचारलेली एक बाई आपलं शिक्षण कुठे उपयोगी पडतं का ते बघायला निघाली आहे, असं. एवढ्याने पुढची सगळी पानं हलली. काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ही बाईच ठरवू लागली. राजवाड्यातल्या कांस्यमूर्तींवर मी दोन पानं लिहिली होती, ती गेली. मूर्ती अप्रतिम आहेत, पण त्यांच्यासमोर उभी असताना माझं लक्ष ग्रंथालयाच्या दाराकडे होतं.

पु. लं.चं ‘पूर्वरंग’ मात्र मी लिहिण्याच्या दिवसांत कपाटात ठेवून दिलं. लहानपणापासून पाठ झालेलं, अतिशय लाडकं पुस्तक. त्यांचा सूर इतका गोड लागतो की दोन पानं वाचून लिहायला बसलं की आपलं वाक्यही त्यांच्याच चालीवर येतं. त्यांना वाचायचं ते लिहिणं नसेल तेव्हा, निव्वळ आनंदासाठी.

खरी गाठ पडली ती इरावती कर्व्यांच्या ‘वाटचाल’शी. ‘परिपूर्ती’तला हा वारीवरचा लेख जेमतेम काही पानांचा आहे, आणि मला तो मराठीतल्या अनेक जाडजूड प्रवासवर्णनांपेक्षा मोठा वाटतो. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालताना त्यांना दिसतं की एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात आणि मराठे वेगळे. भजन एक, वाट एक, पंगती दोन. त्या त्यावर व्याख्यान देत नाहीत. मराठा बायकांत जाऊन बसतात, त्यांच्याबरोबर जेवतात, आणि त्यानंतर त्या बायका कशा मोकळेपणाने बोलू लागल्या ते सांगतात. मानववंशशास्त्राची एवढी मोठी अभ्यासक, पण लेखात ती शेजारी चालणाऱ्या बाईच्या उंचीवर येऊन उभी राहते. माझ्या खर्ड्यात ज्या माणसाला मी निव्वळ माहिती देण्यापुरतं आणलं होतं, त्याच्याकडे मी यामुळे परत गेले.

मंदिराच्या आवारात भिंतीवर तंजावरचे मराठे राजे सर्फोजी यांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे. अकराचं ऊन, अनवाणी पायांखाली फरशी तापलेली. मी ओवरीच्या सावलीत उभी राहून एकेक अक्षर लावत होते. मागून आवाज आला, “वाचायला येतं तुम्हांला?” तंजावरातच जन्मलेले एक आजोबा. घरात मराठी बोलणारे, हेल तमिळ. पहिल्या खर्ड्यात ते व्यंकोजीराजांपासून १८५५ साली संस्थान खालसा होईपर्यंतचा सगळा इतिहास सांगत होते. दुसऱ्या खर्ड्यात मी त्यांना तो सांगू दिला नाही. कारण प्रत्यक्षात त्यांनी मला आधी विचारलं होतं, “तुमच्याकडे मुलं घरात मराठीच बोलतात ना?” माझ्या भाच्यांची नावं घेऊन काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नव्हतं. ते न सुचणं मी तसंच लिहिलं.

पुढे ते मला घरी घेऊन गेले. आजींनी पितळी डबऱ्यात कॉफी दिली. आजोबांनी फडताळातून एक पिवळा पडलेला मोडी कागद काढला. त्यांच्या वडिलांनंतर तो घरात कुणाला वाचता आलेला नव्हता. मोडीत शब्दाशब्दात जागा सोडलेली नसते, ओळीवर सगळं लटकलेलं, त्यामुळे कुठे तोडायचं हे आधी ठरवावं लागतं. बराच वेळ लागला. मग ‘तांदूळ’ सुटलं, त्यापाठोपाठ ‘तूप’, ‘हळद’, ‘वाती’. कुठल्याशा कार्याची सामानाची यादी होती. आजींनी लगेच विचारलं, “तूप किती?” आकडा मला लागला नाही. लेखातला सगळ्यात मोठा भाग आता या खोलीचा आहे. ग्रंथालयाला एक पान पुरलं.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख घेतला. चौथ्या पानावरचा मंदिराचा इतिहास त्यांनी दोन ओळींवर आणला, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी एक विचारलं: परत कशा आलात? ते मी लिहिलंच नव्हतं. पुन्हा गोडसे भटजी काढले. गंगेची कावड घेऊन ते वरसईला येतात. ती परतीची वाट त्यांनी गुंडाळलेली नाही, कारण आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घालायचं राहिलेलं असतं. इथे समासात मी पूर्वी रेघच मारली नव्हती, आता दोन मारल्या.

सध्या तोच भाग लिहिते आहे: तंजावरहून चेन्नईची गाडी, मोबाइलवरचा त्या यादीचा फोटो, आणि तुपाच्या आकड्याशी चाललेली झटापट. आकडा सरांनी लावून दिलाय, सव्वा शेर. अंक निघाला की एक प्रत तंजावरला जाईल, सोबत आजींसाठी पूर्ण यादी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत.